साथीचे मूळ शोधताना

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. नदी आणि ऋषी दोघेही पूज्य. उगमापाशी काही उणे सापडले तर भक्ताच्या मनाला क्लेश होतील, एवढाच त्या म्हणीचा आशय असावा. रोगाच्या साथीला मात्र ही सवलत देता येत नाही. तिचे मूळ शोधलेच पाहिजे, कारण ते कळल्यावाचून तिची पुढची फेरी अडविणे कठीण. प्रश्न आहे तो शोधणाऱ्याच्या वृत्तीचा. मूळ शोधावयाचे ते जाणून घेण्यासाठी, की कोणाला तरी सुळावर चढविण्यासाठी?

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून सारा देश घरात कोंडला गेला. देवळांची दारे लागली, पालख्या जागच्या जागी राहिल्या. पुजाऱ्याने एकट्यानेच नैवेद्य दाखवावा आणि महाजनांनी घरूनच हात जोडावेत, असे दिवस आम्ही पाहिले. त्या सक्तीच्या रिकामपणी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: हे आले कोठून? कोणी म्हणे, रानातल्या वटवाघळापासून, बाजारात विकल्या जाणाऱ्या जनावरांमार्फत ते माणसाला लागले. कोणी म्हणे, चीनमधील वूहान शहराच्या प्रयोगशाळेतून ते निसटले. दारे उघडल्यावर आमच्या अग्रशाळेच्या ओट्यावरही हेच दोन पक्ष पडले आणि ते अद्याप मोडलेले नाहीत. देवाला कौल लावून पाकळी उजवी पडते की डावी हे पाहावे, तितक्याच ठाम उत्तराची अपेक्षा लोक शास्त्रज्ञांकडून करीत होते. पण शास्त्राची पाकळी अशी एका प्रहरात पडत नाही.

ह्याच प्रश्नाची एक छोटी आवृत्ती आमच्या गावातही घडली. तिच्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत. खरे पाहता हा लेख तिच्याचसाठी आहे.

आधी वूहानचा पुरावा काय तो पाहू. डिसेंबर २०१९ मधील पहिल्या रुग्णांपैकी पुष्कळ जण हुआनान नावाच्या मासळीबाजाराशी संबंधित होते. ज्यांचा त्या बाजाराशी काही संबंध नव्हता, त्यांचीही घरे बाजाराच्या आसपासच आढळली. तेथे मासळीबरोबर जिवंत रानटी प्राणीही विकले जात. १ जानेवारी २०२० रोजी बाजार बंद करण्यात आला. त्यानंतर तेथील फरशा, पिंजरे, गाड्या यांवरून घेतलेल्या नमुन्यांत विषाणूचे अंश आणि रॅकून डॉग नावाच्या कोल्ह्यासारख्या जनावराचे अंश एकत्र सापडले. प्राण्यांच्या बाजूने हा पुरावा भक्कम आहे. तथापि, ज्याच्या शरीरात हा विषाणू होता असे एकही जनावर त्या बाजारात सापडल्याची नोंद नाही. दुसऱ्या बाजूस, त्याच शहरात वटवाघळांच्या विषाणूंवर वर्षानुवर्षे संशोधन करणारी एक मोठी संस्था आहे. आणि तसली वटवाघळे ज्या युन्नान प्रांताच्या गुहांत राहतात, तो प्रांत तेथून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. हा योगायोग डोळ्यांत भरतो. परंतु डोळ्यांत भरणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एक गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी तुटली असे कोणी म्हणू लागल्यास त्याला आपले शास्त्रकार काकतालीय न्याय ऐकवतात. अर्थात कधी कधी फांदी खरोखरच कावळ्यानेच मोडलेली असते, हेही विसरता कामा नये.

जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने जून २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. उपलब्ध पुराव्याचा तोल प्राण्यांकडे झुकतो. पण चीनने मागितलेली सर्व माहिती दिली नसल्याने प्रयोगशाळेची शक्यता वगळता येत नाही, असा त्याचा सारांश. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांतही या बाबतीत एकमत झालेले नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल तर आम्हीही प्राण्यांच्या बाजूलाच झुकतो, पण झुकतो एवढेच; शपथ घ्यावयास तयार नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत दोन पक्षांच्या चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वादात दोघांनाही तत्त्व जाणावयाचे असते, म्हणून हरणाराही काही घेऊन घरी जातो. जल्पात फक्त जिंकावयाचे असते आणि त्यासाठी शब्दच्छलही वर्ज्य नसतो. वितंडेत तर बोलणाऱ्याला स्वतःचा पक्षच नसतो. समोरच्याचे खोडून काढले की त्याचे काम झाले. आपण बोलताना ‘वितंडवाद’ असा जोडशब्द सर्रास वापरतो आणि मूळचा भेद बुजवून टाकतो. वूहानच्या प्रकरणात वाद फार थोडा झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे तपास धड सुरूही झालेला नसताना, काही नामांकित शास्त्रज्ञांनी एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात पत्रक काढून, नैसर्गिक उगमाखेरीज दुसरे काही सुचविणाऱ्या कल्पनांना कुभांड ठरविले. सही करणाऱ्यांपैकी एकाच्या हितसंबंधांचा खुलासा त्या नियतकालिकाला पुढे २०२१ मध्ये जोडावा लागला. दुसऱ्या बाजूने राजकारणी पुरुषांनी रोगाला एका देशाचेच नाव देऊन टाकले आणि परदेशांतील चिनी चेहऱ्याच्या निरपराध माणसांना रस्त्यांत शिव्या खाव्या लागल्या. एका पक्षाने प्रश्न विचारणेच पाप ठरविले. दुसऱ्याने उत्तर मिळण्याआधीच शिक्षा ठोठावली.

अशा घाईने दोन्हीकडे चुका होतात. दोन जुनी प्रकरणे येथे सांगण्याजोगी आहेत.

पहिले रशियातील. एप्रिल १९७९ मध्ये उरल पर्वताजवळच्या स्वेर्दलोव्स्क शहरात माणसे एकाएकी ज्वराने मरू लागली. रोग अँथ्रॅक्स. हा मुळात गुराढोरांचा. माणसाकडून माणसाला तो सहसा जात नाही. सोव्हिएत सरकारने सांगितले की, रोगी जनावरांचे मांस खाल्ल्याने हे झाले. त्या मुलखात गुरांना हा रोग होत असे, त्यामुळे खुलासा पटण्याजोगा होता. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन यांनाही तो संभाव्य वाटला होता आणि १९८८ साली सोव्हिएत डॉक्टरांनी अमेरिकेत जाऊन तोच पुन्हा मांडला. पुढे सोव्हिएत राज्य कोसळले. १९९२ साली अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराचे काम हेच या साथीचे कारण होते, असे कबूल केले. त्याच वर्षी मेसेलसन आपल्या सहकाऱ्यांसह त्या शहरात गेले. मृतांच्या घरी जाऊन, स्मशानातील थडगी पाहून, कोण कोठे राहत असे, कोठे कामाला जात असे, याची त्यांनी टिपणे केली. तेथील दोन विकृतिशास्त्रज्ञांनी मृतांच्या शरीरांतील नमुने जिवावर उदार होऊन दडवून ठेवले होते. मांसातून गेलेले विष पोटात उतरते. येथे छातीच्या आतील गाठी रक्ताने भरलेल्या होत्या, म्हणजे ते श्वासातून गेले होते. नकाशावर रुग्णांच्या खुणा केल्या तेव्हा त्या एका चिंचोळ्या पट्ट्यात पडल्या. पट्ट्याच्या एका टोकाला लष्कराची जंतुप्रयोगशाळा होती आणि २ एप्रिल १९७९ रोजी वारा नेमका त्याच दिशेने वाहिला होता. त्याच रेषेत पुढे खेड्यांतील गुरे मेली होती. निदान ६६ माणसे दगावली. मांस विकणाऱ्यांवर आलेला आळ तेरा वर्षे तसाच राहिला.

ज्या गृहस्थाला सरकारी खुलासा संभाव्य वाटला होता, त्यानेच जाऊन तो खोटा ठरवावा, हे आम्हाला विशेष वाटते. न्यायशास्त्रात ज्याला वाद म्हणतात तो हाच.

दुसरे प्रकरण आपल्या सह्याद्रीतले. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली, आणि पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने अंथरुणास खिळली. आफ्रिकेतला पीतज्वर हिंदुस्थानात शिरला की काय, ही पहिली भीती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, जे अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्याने १९५२ साली निघाले होते, विषाणू वेगळा केला. तो निराळाच निघाला, आणि गोचिडीतून पसरणारा. त्याचे नाते रशियाच्या रानांतील एका विषाणूशी जुळत होते. मग तो येथे आला कसा? सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी आणला असेल, असे काहींना वाटले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू झाला. पुढे त्या अभ्यासाला अमेरिकन लष्कराच्या एका योजनेतून पैसा मिळू लागल्याचे उघड झाले, तेव्हा शंकेला पंखच फुटले. पक्ष्यांच्या आडून जंतुयुद्धाची तयारी चालली आहे, असे वृत्तपत्रांत छापून आले आणि १९७० च्या दशकात संसदेपर्यंत हा विषय गेला. शंका घेणारे मूर्ख होते असे आम्ही म्हणणार नाही. परक्या लष्कराचा पैसा पाहून ज्याला शंका येत नाही, त्याच्याच शहाणपणाविषयी शंका घ्यावी.

परंतु रोगाचे उत्तर रानातच होते. जंगल तोडून शेती वाढली, गुरे रानाच्या आत चरू लागली. गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या आणि माकड, गोचीड व माणूस एकमेकांच्या वाटेत आले. प्रयोगशाळेने हा रोग निर्माण केला नव्हता. उलट त्याचा अभ्यास करताना तेथील कर्मचाऱ्यांनाच त्याची लागण झाली, हीही नोंद आहे. पुढे हाच माकडताप २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे पोहोचला. काजूच्या बागांत कामाला आलेले बेळगावकडचे मजूरही त्यात सापडले. फेणी ज्या बोंडूची होते, तो बोंडू वेचणाऱ्याच्या पायावर गोचीड चढते. पन्नासेक वर्षांपूर्वी राजधानीत परकीय कटाची चर्चा चालली होती तेव्हाही लाकूडफाटा आणणारी बाई अनवाणीच रानात जात होती.

माणसाला रोगाचे मूळ एकतर दैवात किंवा दुष्टाव्यात शोधावेसे वाटते, हे या दोन्ही प्रकरणांवरून दिसते. जनावर म्हटले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. निसर्गाची करणी, कोणाचा काय दोष! प्रयोगशाळा म्हटले की रक्त तापते. कोणीतरी केले, त्याला धरा! आमच्या मते दोन्ही चूक. वटवाघूळ आपण होऊन बाजारात येत नाही. त्याला, किंवा त्याच्या शेजारच्या एखाद्या प्राण्याला, पकडून पिंजऱ्यावर पिंजरा रचून विकावयास ठेवणारा माणूसच असतो. २००२ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सार्स निघाला, तेव्हा बाजारातील उदमांजरांत तो विषाणू सापडला आणि शिक्षा म्हणून मारली गेली ती हजारो उदमांजरे. ज्याला कर्ताच म्हणता येत नाही त्याला अपराधी ठरविण्याचा हा विचित्र न्याय. गंमत, की दुःख म्हणावे, पुढची आहे: साथ शमल्यावर तोच सार्स सिंगापूर, तैवान आणि बीजिंग येथील प्रयोगशाळांतून २००३ व २००४ मध्ये पुन्हा निसटला. बीजिंगच्या प्रकरणात नऊ जणांना लागण झाली आणि एक मृत्यू झाला. म्हणजे एकच रोग प्रथम जनावरातून आला आणि मागाहून कपाटातून. १९७७ साली रशिया आणि चीनमध्ये पसरलेला इन्फ्लुएन्झा तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या विषाणूशी इतका जुळत होता की, निसर्गात तो इतकी वर्षे न बदलता राहिला असेल हे पटण्याजोगे नव्हते. त्या विषाणूचा कोठल्या तरी शीतपेटीत मुक्काम झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लसीच्या प्रयोगातून की निव्वळ हलगर्जीपणातून, हे मात्र आजवर कोणी सांगितलेले नाही.

सांगितले का नाही? कारण सांगणाऱ्याला फाशीचा दोर दिसतो. प्रयोगशाळेत हातमोजा फाटला, सुई टोचली, असे प्रसंग घडणारच; तेथे काम करणारी माणसेच आहेत. त्यांची नोंद वहीत होणे हीच जगाची सुरक्षितता. पण वही उघडी केली की शत्रू पक्ष तिचा खटला बनविणार, हे ज्या देशाला ठाऊक आहे तो वही दाखवीत नाही. वही दाखवीत नाही म्हणून जगाचा संशय वाढतो, आणि संशय वाढला की वही आणखी खोल कपाटात जाते. यावर कोणी म्हणेल, तर मग सर्वांना आधीच माफ करावयाचे काय? नाही. आमच्या धर्मशास्त्रकारांनी नकळत झालेले पाप आणि जाणून केलेले पाप यांत भेद केला आहे. परंतु नकळत झालेल्याला प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी म्हटलेले नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापापासून सुटण्याचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत पहिले नाव ख्यापनाचे आहे. ख्यापन म्हणजे आपण केलेले आपल्या तोंडाने चारचौघांत सांगणे. अनुताप, तप, अध्ययन ही सारी त्याच्यामागून येतात. जत्रेच्या गाऱ्हाण्यात कळत-नकळत घडलेल्या चुकांची क्षमा देवाकडे मागतो तेव्हा आपण ‘नकळत’ या शब्दावर जोर देतो. पण चूक नकळत झाली तरी ती लपविणे कधीच नकळत होत नाही. वूहानची साथ अपघाताने निघाली असो वा बाजारातून, ज्यांनी कागद दडविले त्यांनी ते जाणूनबुजून दडविले. तेवढ्यापुरता दोष सिद्ध आहे आणि त्यासाठी मूळ सापडण्याची वाट पाहावी लागत नाही.

हे चीनबद्दल लिहिणे सोपे आहे. आता गावाकडे.

२०२० च्या पावसाळ्यात आमच्या देवळातील वाजंत्र्यांपैकी एक वृद्ध शहनाईवादक आजारी पडला आणि बारा दिवसांनी इस्पितळात वारला. गावातला हा पहिलाच रुग्ण. हे आणले कोणी, असा प्रश्न निघाला आणि उत्तर शोधावे लागले नाही. परदेशी बोटीवर नोकरी करणारा एक तरुण त्याच सुमारास घरी आला होता. त्याने चौदा दिवस सरकारी विलगीकरणात काढले होते, तपासणीही झाली होती आणि तीत काही निघाले नव्हते. तरीही तो बाहेरून आला होता, आणि तेवढे पुरले. आम्ही, म्हणजे देवस्थानच्या समितीवर बसणारे पाचसहा जण, कोणताही ठराव न करता तसे बोलू लागलो. लेखी काहीच नव्हते. म्हणून खोडावयासही काही नव्हते. त्याच्या घरी दूधवाला जाईना. त्याच्या आईला विहिरीवर बायकांनी बाजूला उभे केले. चतुर्थीला त्यांच्या गणपतीपुढे आरतीला कोणी गेले नाही.

पुढे दिवाळीनंतर, शहनाईवादकाच्या मुलाशी सहज बोलताना कळले की, आजारी पडण्यापूर्वी पाच दिवस तो म्हातारा बाहेरगावी एका नातलगाच्या बाराव्याला जाऊन आला होता, आणि त्या पंक्तीत बसलेले आणखी तिघे त्याच आठवड्यात तापाने पडले होते. तरुणाशी त्याची गाठच पडली नव्हती. दिवस मोजण्याइतके सोपे काम होते. मेसेलसनला त्यासाठी अर्धे जग ओलांडावे लागले. आम्हाला चार घरे ओलांडावयाची होती.

तेव्हा आम्ही काय केले? आपसात म्हणालो की, आता झाले गेले. पुन्हा उकरून काढले तर त्याच्याच मनाला त्रास. हा युक्तिवाद किती सोयीचा होता, हे हा लेख लिहिताना ध्यानात येत आहे. आम्हाला त्याच्या मनाची नव्हे, आमच्या खुर्च्यांची काळजी होती. त्याला चुकीने दोषी धरले, ती घाई भीतीपोटी झाली. तिला कदाचित क्षमा असेल. खरे कळल्यानंतर इतकी वर्षे गप्प बसलो, ते मात्र भीतीपोटी नव्हते. गेल्या जत्रेला तो आला होता. दीपस्तंभापाशी उभा राहिला, पालखी पुढे गेल्यावर तीर्थप्रसाद घेतला आणि निघून गेला. सभामंडपात आला नाही. त्याला कोणी बोलावलेही नाही.

महाजनांच्या येत्या सभेपुढे हा विषय लेखी मांडण्याचे आम्ही ठरविले आहे. समितीतील दोघांचा विरोध आहे. इतक्या वर्षांनी गावची अब्रू कशाला घालवावी, असे ते म्हणतात. तो सध्या बोटीवर आहे. चतुर्थीला येणार, असे त्याच्या आईने सांगितले. म्हणून सभेची तारीख आम्ही चतुर्थीनंतरची धरली आहे.